क्रांतीचा फोन आला व्हय?

…नाही हो, ओरडत नाहीये मी, हा माझा साधा आवाज आहे, आणि मागं बसलेल्यांनी कानावर हात ठेवायची काही गरज नाही. तुम्हाला सांगते, ह्या आवाजापायी माझं कुठं म्हणून धड होत नाही, बँकेत गेले की मॅनेजर केबिनमधून बाहेर येऊन बघतो की भांडण कुठं लागलंय, शाळेत मी आठवीला कविता शिकवते आणि ती भिंतीपलीकडच्या दहावीला पाठ होते, आणि गेल्या मंगळवारचंच घ्या ना, शाळा सुटून घरी आले, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं, धारेला राहीबाई यायची ती आली नव्हती, म्हैस आपली हंबरतेय, आणि फोन वाजला, मी उचलला, म्हटलं "हॅलो", नुसतं हॅलो, पुढं एक अक्षर नाही, तर पलीकडून आमची पुतणी क्रांती म्हणते कशी, "काकी, मी पुण्यात आहे, पण फोन नसता तरी चाललं असतं." आता ह्या पोरीला काय बोलायचं? हा आवाज मी काय हौसेनं वाढवलाय? माहेरी खंडाळ्याला होते तेव्हा माझा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही, आई म्हणायची, ह्या राजेश्वरीला सासरी भाकरी मागता येणार नाही, उपाशी राहील ही.

तर क्रांती म्हणाली, "काकी, परवानगी मिळाली. आता माणसांवर."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला, आणि फोन कानालाच होता.

आता माणसांवर म्हणजे काय, ते सांगते, पण त्याआधी उंदरांचं सांगायला पाहिजे, आणि उंदरांच्या आधी आमच्या ह्यांचं सांगायला पाहिजे, म्हणजे तुम्हाला वाटेल बाई भरकटल्या, पण मी भरकटत नाही, गोष्टच तशी आहे.

आमचे हे, लालासाहेब, तोपखान्यात होते. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण आमच्या तासगाव बाजूला फौजेतून आलेला माणूस एसटीतून उतरला की तो मेजरच होतो, बढती गावच देतं. तर मेजर. दीड वर्ष झालं त्यांना जाऊन. दुपारी जेवले, पडवीत खुर्चीवर बसले आणि गेले, कुणाला काही त्रास दिला नाही. तो विषय आज नाही. आज विषय कान.

तोफेजवळ उभं राहायचं तर कानात बोळे घालायचे, तसा नियमच होता, आणि हे नियमाचे पक्के, घालायचे. पण बोळा घातला की साहेबाचा हुकूम ऐकू येणार कसा? मग हुकूम आला असं वाटलं की उजवा बोळा काढायचा, ऐकायचं, परत घालायचा, आणि कधी कधी साहेब बोलायच्या आधी तोफच बोलायची. असं करत करत उजवा कान पुरता गेला आणि डावा अर्धामुर्धा राहिला. तो अर्धामुर्धा कान घेऊन माणूस पेन्शनवर घरी आला आणि माझा संसार सुरू झाला, कारण त्याआधी तो पत्रातनं आणि सुट्टीतनंच चालला होता.

आणि मला कळेना हो. म्हैस हंबरली की ह्यांना ऐकू येते. बांधावरून बाळासो हाक मारतो, "मेजर, पाण्याची मोटार चालू करा," ऐकू येतं. बाळासो म्हणजे आमचे धाकटे दीर, क्रांतीचे वडील, आवाज असा की विहिरीत बोलावं. ट्रॅक्टर वळणावर आला की कुणाचा आहे ते सांगायचे. आणि मी इथं हाताच्या अंतरावर उभी राहून म्हणते, "अहो, गहू दळून आणायचेत," तर माझ्याकडं बघून गोड हसायचे. कुकरच्या शिट्ट्या ह्यांच्या डोक्यावर झाल्या तरी पेपर वाचतायत. मी म्हटलं, सोंग आहे हे. सरळ सोंग. बायकोपुरतं बहिरेपण. भांडले, अबोला धरला, पण बहिऱ्या माणसाशी अबोला धरून काय उपयोग, त्यांना आठवडाभर पत्ताच नाही की धरलाय.

शेवटी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, कागदावर एक रेघ काढली, ती डावीकडं बरी चालली होती आणि मग जी घसरली ती घसरलीच, आमच्या घाटातल्या रस्त्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मोठ्या आवाजानं जाणारा कान असाच जातो. जाडे आवाज राहतात, बारीक आधी जातात. पाखरं, शिट्टी, फोनची घंटी, लहान मुलं…" आणि थांबले. मी म्हटलं, "आणि?" ते म्हणाले, "आणि बायकांचे आवाज." ह्यांनी विचारलं, "काय म्हणत्यात?" तर डॉक्टर जाड्या आवाजात म्हणाले, "मेजर, तुमचं खरं आहे," आणि ते ह्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. येताना एसटीत सगळा वेळ असं बसले होते जसं कोर्टातनं निर्दोष सुटलेत.

डॉक्टरांनी जाताना एक सांगितलं, डावा कान आहे तेवढा सांभाळा, तो गेला की गेला.

मग काय करायचं? मी आवाज जाड केला. सुरुवातीला घसा बसायचा, मग बसायचा बंद झाला. "अहो, जेवायला चला," हे असं, पोटातनं. मशीनपण दिलं होतं कानाचं, पण ते घातलं की ह्यांच्या कानाआधी म्हशीला शिट्टी ऐकू जायची आणि ती दावं तोडायची, म्हणून ते फक्त लग्नकार्याला. पहिल्या आठवड्यात राहीबाई धारेला आली ती दारातच उभी, आत येईना, मला बाहेर बोलावून म्हणते, "बाई, पावणं आल्यात का? गड्यामाणसाचा आवाज येतूय आतनं." मी म्हटलं, मीच आहे. तर म्हणते, "तुमी हाय व्हय. मला वाटलं मेजरांचं साहेब आल्यात." आणि ह्या आवाजात संसार केला की गुपित नावाची गोष्ट राहत नाही. माझं सासूबाईंबद्दलचं मत सासूबाईंना, ह्यांची गोडाची पथ्यं दुकानदाराला, सगळं गल्लीला माहीत. प्रेमाचं म्हणाल तर ते पोटातनं, जाड्या आवाजात बोलताच येत नाही. करून बघा. ते भाषणासारखं होतं.

तर असं चाललं होतं, आणि क्रांतीला पुण्यात संशोधनाची जागा मिळाली. कशात, तर कानात. बाळासोनं गावभर पेढे वाटले आणि कुणी विचारलं की सांगायचा, "लेक कानाची डाक्टर झाली," आणि लोक कानातला मळ काढायचा किती दिवस राहिलाय ते सांगायला यायला लागले. मग ती दिवाळीला आली तेव्हा पडवीत ह्यांच्या डाव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "काका, उंदरांना ऐकू आलं."

हे म्हणाले, "आमच्या कणगीतल्या उंदरांना पयल्यापासनं येतंय. तू काय केलंस?"

मग तिनं समजावलं. मी तिथंच बसून शेंगा फोडत होते, म्हणून मलाही कळलं. आत कानात म्हणे गोगलगाईच्या शंखासारखी वाटोळी नळी असते, वाटाण्याएवढी, आणि तिच्यात बारीक केसांच्या पेशी, त्या हलल्या की आपल्याला ऐकू येतं. मोठा आवाज झाला की त्या पेशी आधी चेपतात, सुजतात, तडफडतात, आणि मग काही दिवसांनी मरतात. मेलेली परत उगवत नाही. पण तडफडतेय तोवर औषध पोचलं तर वाचते. हे म्हणाले, "मग द्या की औषध." क्रांती म्हणाली, "तीच तर पंचाईत आहे, काका. गोळी दिली की ती रक्तातनं सगळ्या अंगभर हिंडते, आणि कानाच्या त्या शंखाभोवती असा पहारा असतो की रक्तातलं काही सहजासहजी आत सोडत नाहीत. गावजेवण घातलं आणि ज्याच्या नावानं घातलं तो उपाशी, असं होतं." म्हणून म्हणे त्यांनी औषध बारीक, बारीक कणांत भरलं. एवढे बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. ऑपरेशनचे टाके आपोआप विरघळतात ना, तसल्याच पदार्थाचे. आणि प्रत्येक कणाच्या अंगावर एक खूण, ती खूण फक्त त्या केसांच्या पेशींनाच चिकटते, दुसऱ्या कुणाला नाही. ते कण पडद्यामागं बारीक सुईनं सोडायचे, तिथं शंखाला एक खिडकी आहे, तिच्यातनं ते झिरपत आत जातात, पेशीला चिकटतात आणि हळूहळू विरघळून औषध सोडतात.

ह्यांनी विचारलं, "पर उंदराला इचारता कसं, ऐकू आलं का म्हणून?"

"डोक्याला तारा लावतो. आवाज केला की मेंदूत लहर उठते का ते यंत्रावर दिसतं. उंदराला खोटं बोलता येत नाही."

मी म्हटलं, "मग ती तार तुझ्या काकालापण लाव एकदा."

ह्यांनी विचारलं, "आणि ते भैरं झालं कशानं पयल्यांदा?"

क्रांती जरा चाचरली. म्हणाली, "काका, आम्हीच करतो. पेटीत ठेवून मोठा आवाज लावतो."

तुम्हाला सांगते, ते ऐकल्यावर ह्यांनी काय केलं माहिती आहे? कणगीजवळचा सापळा उचलून माळ्यावर टाकला. मी म्हटलं, अहो, ज्वारी खातायत. तर म्हणाले, "खाऊ दे. त्यांची मंडळी तिकडं आपल्यासाठी बंदुकीम्होरं उभी हाईत." वर्षभर उंदीर आमच्या घरात निवृत्त फौजींसारखे हिंडत होते, हक्कानं.

पण क्रांतीनं एक स्पष्ट सांगितलं होतं, जाताना, जाड्या आवाजात, पोरगी शिकली होती तोवर. "काका, ह्यानं उजवा कान परत यायचा नाही. तिथल्या पेशी कधीच गेल्या. हे फक्त नव्यानं मार बसला तर, आणि लगेच दिलं तर. आणि माणसांना द्यायला अजून वर्षं जातील, परवानगी लागते." हे म्हणाले, "मिळाली की फोन कर. पयला नंबर माझा." आणि ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन पडवीत आले तर हे विचारतात, "क्रांतीचा फोन आला व्हय?"

अहो, काल गेली ती. अजून तिनं बॅग उघडली नसेल.

तेव्हापासून रोज. चहा आला की, "क्रांतीचा फोन आला व्हय?" शेजारच्या भाऊसोंची नात पडवीत खेळायला यायची, तिला बोलता यायला लागलं तर तिच्या पहिल्या दहा-बारा शब्दांत क्रांतीचा फोन होता.

आता जत्रा. आमच्याकडं भैरोबाची जत्रा भरते आणि पालखीपुढं निशाण असतं, लांब काठी, वर भगवं, आणि ते धरायचा मान ह्यांच्या घराण्याचा. ह्यांच्या आजोबांपासून. पूर्वी निशाणामागं हलगी, मग ताशा, आणि आता डॉल्बी. डॉल्बी म्हणजे आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, घराएवढी. निशाण पुढं, त्याला लागून डॉल्बी, मागं पालखी. देवाला त्यातल्या त्यात लांब ठेवलाय. मी म्हटलं, ह्या वर्षी बाळासोला धरू दे, डॉक्टर काय म्हणालेत, आहे तेवढा सांभाळा. तर जत्रा कमिटीचे अध्यक्ष भाऊसो स्वतः आले समजावायला, आमचे शेजारी, सज्जन माणूस, म्हणतात, "वैनी, मेजरच पायजेत तिथं. दुसऱ्या कुणाला उभं केलं तर कान जातील त्याचं. मेजरांना काय, तसंबी ऐकू येत न्हाई."

आणि हे मनापासून हो, काळजीनं. गावाचं गणित असं की फुटलेल्या माठाला परत दगड लागला तर काय बिघडतंय.

आणि हे मान सोडेनात. म्हणाले, "तोफंम्होरनं हटलो न्हाई, आता स्पीकरला भिऊन घरात बसू?" मग मी क्रांतीला फोन केला आणि तिनं कानावर घालायचे ते मोठे कप पाठवले, कारखान्यात मशीनवर घालतात तसले, पिवळे धमक. मी म्हटलं चला, सुटलं. पण निशाणाच्या माणसाला फेटा पाहिजे. फेट्याशिवाय निशाणाला हात लावता येत नाही. आणि फेट्यावर कप बसेनात, कपावर फेटा बसेना, बाळासो एकदा फेटा बांधतोय, एकदा सोडतोय, शेवटी आधी कप आणि वरून फेटा असं बांधलं, आणि दोन्ही बाजूला दोन टेंगळं आली, नारळ लपवल्यासारखी. मी आरसा दाखवला नाही.

गावात हसून हसून पुरेवाट. डॉल्बीवाला, गुंडा त्याचं नाव, ट्रॉलीवरनं ओरडतोय, "मेजर, हेडफोन लावून आमचं पोट मारायला आला काय?" ह्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळं हे आपले ताठ, नजर समोर, निशाण सरळ. तुम्हाला सांगते, इतके छान दिसत होते.

पालखी वेशीतनं वळून चौकात आली. मी ओवाळायला ताट घेऊन आमच्या ओसरीवर उभी होते. भाऊसो गर्दीतनं वाट काढत ह्यांच्याजवळ आले, त्यांना ती टेंगळं आत्ता दिसली होती. माणसाला काळजी वाटली. त्यांनी ह्यांच्या दंडाला हात लावला आणि तोंड कानाजवळ नेऊन विचारलं, "मेजर, कानाला काय झालं?"

आणि ह्यांनी ते ऐकायला फेट्याखाली बोटं घातली आणि डावा कप उचलला.

त्याच वेळी गुंडानं नवं गाणं लावलं.

एवढंच झालं. पडले नाहीत, निशाण वाकलं नाही. देवळापर्यंत गेले, फेटा सोडला, घरी आले, आणि मी म्हटलं, "पाणी देऊ?" पोटातनं म्हटलं, माझ्या त्या नेहमीच्या आवाजात. तर ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शिट्टी वाजतीया आत. तू बोललीस का काय?"

सकाळी उजाडल्या उजाडल्या क्रांतीला फोन. मी म्हटलं, "क्रांती, तुझं औषध हवंय. नवा मार आहे, ताजा आहे, तू म्हणाली होतीस तसाच आहे." ती रात्रीपासनं लॅबमध्येच होती. म्हणाली, "काकी, ते माझ्यासमोर फ्रीजमध्ये आहे. पण मला नाही देता येणार." मी म्हटलं, अगं, सही देतात ते, हवी तिथं देतात. ती म्हणाली, "सहीचं नाही, काकी. माणसाच्या कानात ते काय करतं हे अजून कुणालाच माहीत नाही. उंदरांच्या कानातलं आम्ही नंतर कापून बघतो." मग तिनंच सांगितलं, आत्ताच्या आत्ता मिरजेला जा, स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू करा, उशीर करू नका.

हे खुणेनं विचारतायत, काय म्हणती? मी शाळेतली पाटी घेतली आणि लिहिलं, अजून परवानगी नाही. त्यांनी वाचलं, पाटी माझ्याकडं परत दिली आणि म्हणाले, "बरूबर हाय तिचं. हुकमाबिगर डागायचं न्हाई." रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गोळ्या सुरू झाल्या. आणि ती क्रांती गावजेवण म्हणाली होती ना, ते मी डोळ्यांनी बघितलं. गोळी गालात गेली, गाल फुगले. पोटात गेली, भाकऱ्या पुरेनात. साखर वाढली, झोप उडाली, शांत माणूस, पण म्हशीशी भांडायला लागला, बाळासोला म्हणाला तुझी मोटार विहिरीत टाकीन. सगळीकडं गेली हो ती गोळी, डोक्यापासून पायापर्यंत एक जागा सोडली नाही. जिथं जायचं तिथं दाराबाहेरनं नमस्कार करून परत आली असणार. मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर परत काचेच्या खोलीत बसवलं, रेघ काढली. थोडं परत आलं होतं. म्हशीपुरतं आलं होतं. माझ्यापुरतं नाही.

भाऊसो येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "वैनी, मी इचारायला नको हुतं." मी म्हटलं, भाऊसो, तुम्ही चौकशी केलीत. तेवढी कोण करतं?

मग पाटी. मी लिहायची, ते बोलायचे, आणि कधी कधी पाटी माझ्या हातातनं घेऊन तेपण लिहायचे, मी खुणेनं म्हणायची, अहो, मला ऐकू येतंय, तुम्ही बोला की, तर हसायचे आणि पुसायचे. मास्तरणीचा नवरा, म्हणून अक्षर गिरवायला लागले, म्हणाले, "तुझ्याम्होरं वाईट अक्षर बरं दिसत न्हाई." पण संध्याकाळचा चहा आला की पाटी लागायची नाही. तेव्हा ते विचारायचे, "क्रांतीचा फोन आला व्हय?" आणि मी मान हलवायची, नाही. ह्या एका प्रश्नाला मला ओरडावं लागत नव्हतं, लिहावं लागत नव्हतं. म्हणून मला वाटतं ते रोज विचारायचे. उत्तर काय येणार हे काय त्यांना माहीत नव्हतं?

ते गेले त्या दुपारीही जेवताना विचारलं होतं. मी म्हटलं होतं, अजून चहा व्हायचाय, आत्ताच काय? म्हणजे खुणेनं.

आता गंमत ऐका. ह्यांच्यानंतर निशाण आलं ऋषिराजकडं, क्रांतीचा धाकटा भाऊ, फौजेतच भरती झालाय, सुट्टी काढून जत्रेला येतो. मी ते पिवळे कप पुसले आणि त्याला दिले, म्हटलं, घालायचे, आणि कुणी काहीही विचारू दे, उचलायचे नाहीत. त्यानं घातले, वरून फेटा, दोन टेंगळं. मागच्या जत्रेला बघते तर ऋषिराजच्या मागच्या चार पोरांनापण टेंगळं. मी म्हटलं वा, गाव सुधारलं, कान सांभाळायला लागलं. जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्या फेट्यात कप नव्हतेच, चिंध्यांचे गोळे कोंबले होते. भाऊसोंना विचारलं तर म्हणाले, "वैनी, मेजरांच्या घराण्याची पद्धत हाय ना ती. निशाणापाशी आता टेंगळाबिगर बरं दिसत न्हाई." आणि डॉल्बी? डॉल्बी दीडपट झालाय. गुंडानं ट्रॉलीवर ह्यांचा फोटो लावलाय, हार घालून. लय प्रेम करतात हो लोक.

तर मंगळवारी क्रांती म्हणाली, परवानगी मिळाली, आता माणसांवर, आधी थोड्याच जणांवर. ज्यांना नुकताच मार बसलाय असे लोक घेणार, फटाके, कारखाने, फौजेतले. आणि लगेच म्हणाली, ऐकू येईलच असं नाही काकी, आधी नुसतं बघायचं की त्रास होत नाही ना. मी म्हटलं, कळतंय मला, उंदरांपासून ऐकतेय मी. मग ती म्हणाली, "काकी, पहिला नंबर काकांचा होता." आणि आम्ही दोघी जरा वेळ फोन धरून बसलो. तिकडं ती गप्प, इकडं मी गप्प. माझ्या आवाजाचा माणूस गप्प बसला की फार जाणवतं.

मग मी चहा परत ठेवला. राहीबाई आली, तिला सांगितलं, ती म्हणाली, "चांगलं झालं की वो," आणि धारेला बसली. कुंपणावरनं भाऊसोंना सांगितलं. बाळासोला लेकीच्या आधी मीच सांगितलं, तर तो रडायलाच लागला, मोटार चालू ठेवून. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, आणि आता तुम्हाला. तशी सांगायची गरजच नव्हती म्हणा, मी फोनवर "काय म्हणतेस" म्हटलं तेव्हाच सगळ्या गल्लीला कळलं होतं, माझा आवाज हा असा.

क्रांतीचा फोन आला. सगळ्यांना सांगून झालं. रोज विचारायचे, त्यांना तेवढं सांगायचं राहिलंय.